दारातली दोन मिनिटं

शनिवार, सकाळचे साडेअकरा. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीची वाट आहे. बेल वाजते. दारात विशी-बाविशीतला मुलगा, गळ्यात ओळखपत्राची निळी फीत, हातात टॅब, टी-शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. "सर, पैसे माँगने नहीं आया हूँ, बस दो मिनट." आपल्याला घाई असते, पण पोरगा उन्हातून आलेला असतो आणि दारी आलेल्याला उभ्याउभ्या घालवून द्यायचं आपल्या अंगवळणी नसतं. दोनाची दहा मिनिटं होतात. कुपोषण, शाळा सुटलेल्या मुली, एक फोटो, दुसरा फोटो. शेवटी, "रोजचे फक्त सत्तावीस रुपये सर, एका चहाचे." आणि टॅब आपल्या हातात आलेला असतो.

हे माझ्या दारात घडलं तेव्हा मला बँकेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. नोकरीची शेवटची सहा वर्षं माझ्या टेबलावर हेच काम होतं. लोकांच्या खात्यातून परस्पर जाणाऱ्या हप्त्यांची मँडेट नोंदवायची, बंद करायची आणि "माझे पैसे कोण कापतंय?" म्हणून तणतणत आलेल्यांना शांत करायचं. तरी मी त्या टॅबवर बोट टेकवलं. फोटोतली मुलगी माझ्या नातीएवढी होती. महिना आठशे, चौदा महिने, एकूण अकरा हजार दोनशे. पैसे गेल्याचं वाईट वाटत नाही, संस्थेचं काम खरं होतं. खुपलं ते एवढंच, की कुणाला, किती आणि कधीपर्यंत द्यायचं यातलं काहीच मी ठरवलं नव्हतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी घाईघाईत हो म्हटलं होतं.

तेव्हापासून घरात एक नियम आहे. दारात ऐकायचं, पण महिन्याच्या देणगीचं दारात ठरवायचं नाही. एकदाच वीस-पन्नास रुपये द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत, त्यात फसलो तरी वीस-पन्नासालाच. दरमहाची गोष्ट वेगळी.

हा मुलगा कोण, ते आधी समजून घेऊ. बऱ्याचदा तो त्या संस्थेचा कार्यकर्ता नसतो. मोठ्या संस्था देणगीदार मिळवण्याचं काम एजन्सीकडे देतात आणि मुलं एजन्सीच्या पगारावर असतात. सोसायट्या, मॉल, मेट्रो स्टेशनचं तोंड, आयटी कंपन्यांची कँटीन असे भाग वाटून दिलेले असतात. आठवड्याला किती नावं आणायची याचं टार्गेट असतं, ते गाठलं तर इन्सेंटिव्ह, सारखं चुकलं तर नोकरीच जाते. म्हणजे काम विक्रीचं. त्यात पाप काही नाही, विमा विकणारा येतो तसाच हाही. पण समोर विक्रेता आहे हे लक्षात असलं की त्याचं बोलणं आपण जरा वेगळ्या कानाने ऐकतो. "पैसे मागायला आलो नाही" हे तर तो अक्षरशः खरं सांगत असतो. रोख घ्यायची त्याला बहुधा मनाईच असते. त्याला हवं असतं मँडेट.

मँडेट म्हणजे 'अमुक संस्थेने माझ्या खात्यातून दरमहा अमुक रक्कम काढून घ्यावी, मला पुन्हा विचारू नये' अशी आपण बँकेला दिलेली लेखी परवानगी. पूर्वी त्यासाठी कागदावर सही लागायची. आता 'नॅच' या बँकांच्या सामायिक यंत्रणेचं ई-मँडेट नेट बँकिंगने, डेबिट कार्डाने किंवा आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांत होतं. २०२० पासून यूपीआयचं ऑटोपे आहे, त्यात तर फक्त पिन टाकायचा. कार्डावरच्या किंवा यूपीआयच्या मँडेटला पंधरा हजारांपर्यंतच्या हप्त्यासाठी दर वेळी ओटीपी लागत नाही. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी एक मेसेज यायला हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो येतोही. फक्त तो पिझ्झा, कर्ज आणि सेल यांच्या मेसेजांच्या ढिगाखाली जातो.

त्या टॅबवरचा फॉर्म एकदा नीट बघा. 'रक्कम' हा रकाना सगळे वाचतात. त्याच्या शेजारी 'कमाल रक्कम' असतो, तो कुणी वाचत नाही. देणगी आठशेची आणि कमाल रक्कम पाच हजार, असं मी टेबलावर कितीदा पाहिलं आहे. म्हणजे उद्या संस्थेने 'थोडी वाढ' केली तर बँक हरकत घेणार नाही, कारण परवानगी तुम्हीच दिलेली असते. मग 'शेवटची तारीख'. माझ्या मँडेटवरची शेवटची तारीख मी नंतर पाहिली. त्या दिवशी मी एक्याण्णव वर्षांचा असणार होतो.

थोड्या थोड्या पैशांची नियमित देणगी ही टॅबवाल्यांनी शोधलेली गोष्ट नव्हे. आपल्याकडे गेल्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, माणशी एक पैसा. टिळकांनी तो उचलून धरला आणि त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पण तो पैसा पुन्हा मागायचा तर कुणाला तरी परत दारात यावं लागे, आणि परत आलेल्या माणसाला आपण विचारू शकतो, गेल्या खेपेच्या पैशाचं काय केलंत? मँडेट झालं की कुणी परत येत नाही. मला त्यातली खोट वाटते ती हीच, बाकी सोय चांगलीच आहे.

आता दारात काय करायचं. सेफ्टी डोअर बंदच ठेवा, त्याचा कुणालाही अपमान वाटत नाही, त्या मुलांना सवय असते. वेळ नसेल तर पहिल्याच वाक्याला सांगा, "दारात मी महिन्याचं काही ठरवत नाही." एवढंच. कारण देऊ नका. कारण दिलं की त्याच्याकडे प्रत्येक कारणाला उत्तर असतं, त्याचंच तर त्यांना प्रशिक्षण असतं. 'सध्या जमत नाही' म्हटलं की रक्कम कमी होते, 'आम्ही दुसरीकडे देतो' म्हटलं की "फिर तो आप समझते ही हैं सर" येतं, 'ह्यांना विचारावं लागेल' म्हटलं तर फोन लावून द्यायची तयारी. आमच्या सोसायटीतल्या एक बाई मात्र वेळ घालवायला त्या पोरांना अर्धा-अर्धा तास उलटसुलट प्रश्न विचारतात आणि शेवटी नाही म्हणतात. त्यापेक्षा पहिल्या मिनिटातला स्वच्छ नकार त्याच्याही सोयीचा. पाणी विचारा, ते नक्की विचारा.

ऐकावंसं वाटलं तर ऐका, पण तीन गोष्टी त्याच्या हाती देऊ नका: फोन, ओटीपी आणि जन्मतारीख. ओटीपी म्हणजे सही. "व्हेरिफिकेशनसाठी फक्त" असं म्हणाला तरी ती सहीच. मोबाइल नंबरही नको. नुसता नंबर दिला तरी पुढचे दोन महिने कॉल सेंटरचे फोन येत राहतात. तुम्ही मागा पत्रक आणि संस्थेचं पूर्ण नोंदणीकृत नाव. "घरात बोलून मी स्वतः ऑनलाइन करतो" यावर तो म्हणाला, "आजच करावं लागेल सर, उद्या आमचा एरिया बदलतो", तर बोलणं तिथेच संपवा. एरिया त्याचा बदलतो, संस्थेचा पत्ता तोच राहतो.

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती संस्थेलाही भिकेला लावते. भिडेखातर हो म्हणणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या महिन्याला मँडेट बंद करतो. पण तुम्हाला मिळवण्यासाठी संस्थेने एजन्सीला जे मोजलेलं असतं, ते तेवढ्यात वसूलही होत नाही. तुमचे तीन हप्ते गेले आणि मुलांपर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच गेलं नाही, असं होऊ शकतं. म्हणून हा प्रश्न संस्थेच्या कार्यालयाला ईमेलने जरूर विचारा: पहिल्या वर्षीच्या देणगीतला किती भाग एजन्सीकडे जातो? दारातल्या मुलाला ते माहीत नसतं, त्याला विचारून त्याला लाजवू नका. चांगली संस्था आकडा सांगते. कुणी सारवासारव केली तर तेही उत्तरच.

दार लावल्यावर संध्याकाळी चहाच्या वेळी तपासायला बसा. पहिलं काम, संस्थेच्या कार्यालयात फोन. नंबर त्या मुलाच्या कार्डावरचा नको, स्वतः शोधलेला. "आमच्या भागात सध्या तुमची माणसं फिरताहेत का?" एवढं विचारलं तरी खोटं ओळखपत्र उघडं पडतं.

दुसरं, नोंदणी. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. पावतीवर 'ई-' किंवा 'एफ-' असं अक्षर, पुढे क्रमांक आणि कंसात जिल्हा असतो. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर याच कायद्याच्या कलम ४१सी खाली परवानगी लागते. गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्या मंडळालाही हे लागू आहे, हे कार्यकर्त्यांना सहसा ठाऊक असतं आणि आपल्याला नसतं. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरही संस्थांची नावं असतात. पण तिथे नाव असणं म्हणजे नोंद आहे एवढंच, काम चांगलं असल्याचा तो दाखला नव्हे.

तिसरी गोष्ट माझ्या आवडीची, कारण ती बँकेतल्या माणसांना एका नजरेत दिसते. संस्थेचा पॅन क्रमांक बघा. त्यातलं चौथं अक्षर खातं कुणाचं आहे ते सांगतं. 'टी' म्हणजे ट्रस्ट, 'ए' म्हणजे व्यक्तींचा संघ, 'सी' म्हणजे कंपनी, आणि 'पी' म्हणजे एक माणूस, तुमच्या-माझ्यासारखा. 'अमुक सेवा फाउंडेशन'च्या पावतीवर चौथं अक्षर 'पी' असेल तर ते पैसे फाउंडेशनला जात नाहीत. पावतीवर करसवलतीचा ८०जी क्रमांक छापलेला असेल तर त्याची पहिली दहा अक्षरंही पॅनचीच असतात, ताडून बघा. क्यूआर कोड स्कॅन केलात तर पिन टाकण्याआधी पडद्यावर जे नाव येतं ते मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचलं की चूक कानाला लागते.

एवढं जुळलं की ताळेबंद. प्रत्येक ट्रस्टला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि अनेक संस्था ते वेबसाइटवर टाकतात. सगळं वाचायची गरज नाही. उत्पन्न-खर्चाच्या पानावर प्रत्यक्ष कामावर किती आणि कार्यालय, प्रचार यांवर किती, हे दोन आकडे पाहा. कार्यालयाचा खर्च शून्य दाखवणारी संस्था मला उलट संशयास्पद वाटते. पत्र्याच्या खोलीत बसलं तरी विजेचं बिल येतंच.

टॅबवाला मुलगा जाता जाता करबचतीचंही सांगतो. "पूरा टैक्स बच जाएगा सर." नाही वाचत. तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल, आणि आता न सांगता तीच लागू होते, तर ८०जी ची सवलत अजिबात मिळत नाही. जुनी प्रणाली असेल तर बहुतेक खासगी संस्थांच्या देणगीची निम्मीच रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही मर्यादेत. वर्षाचे ९६०० दिले, ४८०० वजा झाले, वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचला सुमारे हजार रुपये. दोन हजारांवरची रोख देणगी तर सवलतीत धरतच नाहीत. शिवाय वर्ष संपल्यावर संस्थेने आयकर खात्याला देणगीदारांची यादी द्यायची आणि तुम्हाला १०बीई नावाचं प्रमाणपत्र, हे २०२१-२२ पासून सुरू झालं. साध्या पावतीवर आता भागत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, तरी दारात 'एटी-जी'च ऐकू येईल.

घरात एकटी राहणारी वडीलधारी माणसं असतील तर त्यांना हे सगळं सांगून उपयोग नाही. माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची. तिला नॅच कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. आम्ही दाराच्या आतल्या बाजूला, आयहोलच्या खाली, डब्यात शंभराच्या पाच नोटा ठेवल्यात. तिला कुणाला द्यावंसं वाटलं तर त्यातलं द्यायचं, डबा रिकामा झाला की महिन्याचं दान संपलं. तिचा देण्याचा आनंद जात नाही आणि फोन तिच्या उशाशीच राहतो. "आजी, एक नंबर आला असेल तो सांगा" असं कुणी म्हणालं तर तिने ठरलेलं उत्तर द्यायचं, "मुलगा आला की या." अल्बम घेऊन येणारे, ऑपरेशनसाठी पावतीपुस्तक घेऊन फिरणारे, अंधशाळेच्या मेणबत्त्या विकणारे, सगळ्यांना तोच डबा. त्यातले खरे कोण, खोटे कोण, याचा निवाडा तिने करायचा नाही.

सोसायटीत कुणाला आत सोडायचं हे कमिटी ठरवू शकते. आमच्याकडे आता गेटवर संस्थेचं पत्र आणि आधी घेतलेली वेळ लागते. वॉचमनला मात्र हे लेखी द्या, नाहीतर टाय लावलेला आत आणि फाटका बाहेर, असा न्याय तोच करतो.

एवढं वाचून कुणी दरमहा देणंच बंद करू नये, असं मला फार वाटतं, कारण मी आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसतो. एका गावातल्या छोट्या वसतिगृहाचा खजिनदार आहे. आम्हाला बावीस जण दरमहा पाचशे देतात. ते अकरा हजार म्हणजे आमच्या स्वयंपाकाच्या मावशींचा पगार. जूनमध्ये एखादा मोठा माणूस एकदम पन्नास हजार देतो, फोटो काढतो, तेही हवेच असतात. पण मावशींना पगार ऑक्टोबरातही द्यावा लागतो. आमच्याकडे ना एजन्सी, ना टॅब. आम्ही तुमच्या दारात येऊच शकत नाही. म्हणून नियमित द्यायचं मनात असेल तर आपण होऊन जा. जिथे वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष जाता येईल अशी संस्था निवडा, जेवणाच्या वेळेला जा, ताटात काय आहे ते बघा. आणि मँडेटपेक्षा आपल्या बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या. त्यात पैसे तुम्ही पाठवता, कुणी येऊन काढून नेत नाही, आणि शेवटची तारीख तुम्ही टाकता. मी सगळ्यांना ३१ मार्च टाकायला सांगतो. मग दर एप्रिलला आठवण होते, गेल्या वर्षी काय झालं, पुढे द्यायचं का. थांबवणार असाल तर एक फोन करून थांबवा. तेव्हाच्या तेवीस देणगीदारांपैकी एकजण गेल्या दिवाळीला न सांगता बंद झाला, त्या महिन्यात मावशींना पाचशे रुपये कमी कसे द्यायचे यावर आम्ही तिघे विश्वस्त अर्धा तास बोलत होतो.

आणि दारात झालेलं मँडेट बंद करायचं असेल तर? खात्यात मुद्दाम पैसे कमी ठेवण्याची युक्ती करू नका. हप्ता परत गेला की बँक दर वेळी काही शे रुपये दंड आणि वर जीएसटी लावते, देणगीपेक्षा तोच जड होतो. यूपीआयचं असेल तर ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथे 'रद्द करा' दाबायचं, काम झालं. नॅचचं असेल तर पासबुकात किंवा नेट बँकिंगमध्ये मँडेटचा यूएमआरएन हा लांबलचक क्रमांक शोधा, तो लिहून शाखेत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. काउंटरवरचा माणूस "संस्थेकडूनच बंद करून आणा" म्हणेल, मीही घाईच्या दिवशी म्हणालो असेन. ऐकू नका. खातं तुमचं, परवानगी तुमची, ती मागे घेण्याचा अर्ज बँकेने घ्यायलाच हवा. पुढच्या हप्त्याच्या आठवडाभर आधी द्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. मँडेट मुळातच फसवून घेतलेलं असेल, संस्थाच खोटी निघाली असेल, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, बँक मागाहून. त्या प्रकारात तास मोजले जातात.

संस्थेलाही एक ईमेल पाठवा. मी पाठवला. दुसऱ्या दिवशी कॉल सेंटरमधून एका मुलीचा फोन आला, फार गोड बोलली. बंद का करताय, काही तक्रार आहे का, चारशे करून देऊ का, तीन महिने थांबवून ठेवू का? मी म्हटलं, बेटा, तक्रार नाही, मी दर एप्रिलला एकदाच, माझा मी पाठवत जाईन. ती थोडा वेळ गप्प झाली, कीबोर्डचा आवाज आला, मग म्हणाली, "सर, तसा ऑप्शन आमच्या सिस्टीममध्ये नाहीये." त्यांच्या वेबसाइटवर तो मला त्याच संध्याकाळी सापडला, अगदी तळाशी, करड्या रंगात, एका ओळीत.